पटकीचे विष आणि पेशीपटलातील विकर

पटकीच्या रोग्याचे आतडे फाटलेले नसते की कुजलेलेही नसते; तरीही गंभीर रोग्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते. कलकत्त्याचे शंभुनाथ दे यांनी १९५९ साली जंतू वाढविलेला द्रव गाळून जंतुरहित केला व तो सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. आतडे पाण्याने फुगले. जंतू नव्हे, तर त्याने स्रवलेले विष हे रोगाचे कारण आहे, हे यावरून सिद्ध झाले.

हे विष काय करते? पेशीच्या पटलात ॲडेनिलेट सायक्लेज नावाचे विकर असते. अनेक संप्रेरके पेशीत शिरतच नाहीत. ती बाहेरूनच वर्दी देतात. पटलालगतचे 'जी-प्रथिन' ती वर्दी विकरापर्यंत पोहोचविते आणि विकर चक्रीय एएमपी हा पदार्थ निर्माण करू लागते. पेशीच्या आत पुढचा निरोप नेतो तो हाच. त्याचा शोध लावणारे अर्ल सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरोप देऊन झाला की जी-प्रथिन आपोआप निवते, आणि विकरही थांबते.

पटकीचे विष विकराला हात लावीत नाही. ते जी-प्रथिनाला एक रासायनिक गट चिकटविते, त्यामुळे त्या प्रथिनाला निवताच येत नाही. कोणी वर्दी दिलेली नसताना विकर अखंड राबत राहते. चक्रीय एएमपी साचतो, क्लोराइडची दारे उघडी राहतात, आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात ओतले जाते.

परंतु ग्लुकोज व सोडियम यांना जोडीने आत घेणारी वाट या विषाने बंद होत नाही. त्यांच्याबरोबर पाणीही शोषले जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी याच वाटेचा आधार घेतला. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा! पिंपांतून हे पाणी काढून नातेवाइकांनीच रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. उत्तरायुष्यात सॉल्ट लेकमध्ये राहणारे महालनबीस २०२२ साली निवर्तले.

हे पाणी विषावर उतारा नाही. जुलाब चालूच राहतात. विष लागलेल्या पेशी काही दिवसांत गळून नव्या येतात; तोवर रोग्याला पाणी पुरवीत राहावयाचे असते.