टिंब वर की खाली : स्वरलिपीची छपाई आणि नेमका प्रश्न

उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या छापील पुस्तकात स्वराच्या डोक्यावर टिंब दिसले, तर तो स्वर मंद्र सप्तकातला की तार सप्तकातला, हे ते पुस्तक कोणत्या पद्धतीने छापले आहे यावर ठरते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या पद्धतीत वरचे टिंब तार सप्तकाचे आणि खालचे मंद्राचे असते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931) यांच्या पद्धतीत मात्र वरचे टिंब मंद्राचे असून तार स्वरावर उभी रेघ येते. समेची खूण भातखंड्यांकडे फुली, तर पलुसकरांकडे एकचा आकडा. खालीची खूण एकाकडे शून्य, तर दुसऱ्याकडे अधिकचे चिन्ह. स्वर तेच, ताल तोच, बंदीशही तीच असू शकते, आणि तरीही एका पद्धतीवर वाढलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या पद्धतीचे पान सावधपणे वाचले नाही, तर तो सप्तकच चुकतो.

या प्रश्नाशी नाशिकचा संबंध जवळचा आहे. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीताचे शिक्षण वर्गात आणि पुस्तकातून देण्याचा पायंडा पाडणारे पलुसकर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकला पंचवटीतील रामनाम आधाराश्रमात राहिले. गुरूच्या तोंडून मिळणारी विद्या छापील पानावर आणायची, तर खुणा ठरवाव्या लागतात, त्यांचे खिळे पाडावे लागतात आणि ते जुळवणारा माणूस तयार करावा लागतो, ही अडचण त्या पिढीने प्रत्यक्ष भोगली. खिळे गेले, अडचण गेली नाही. देवनागरी अक्षराखाली कोमलाची आडवी रेघ, त्याच अक्षरावर किंवा खाली सप्तकाचे टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांना जोडणारी खालची चंद्रकोर आणि वर मींडेची कमान हे सारे नेहमीच्या लेखनप्रणालीत एकावर एक बसवताना खुणा सरकतात, आणि ओळीत एक स्वर वाढवला की आधीची सारी मांडणी पुन्हा करावी लागते. ज्या शहराच्या नाशिक रोड भागात 1925 पासून सरकारी प्रतिभूती मुद्रणालय आहे, तेथील संगीतशिक्षकालाही आपल्या वर्गासाठी एक पान नीट छापणे जड जावे, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

या अडचणीवरचा एक गंभीर उपाय म्हणजे मजकुरातून संगीत छापणाऱ्या आज्ञावली, आणि त्यांत लिलिपाँड ही विशेष विचारात घेण्याजोगी आहे. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी 1996 मध्ये तिचे काम सुरू केले. ती ग्नू प्रकल्पाचा भाग असून मुक्त आणि विनामूल्य आहे. तिच्यात माउसने स्वर उचलून पानावर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलीत स्वराचे नाव, त्याचा कालावधी आणि सप्तकाची खूण लिहायची, ती फाइल आज्ञावलीकडे सोपवायची आणि तयार पान हाती घ्यायचे, अशी तिची रीत आहे. धातूच्या पत्र्यावर ठसे मारून संगीत कोरणाऱ्या जुन्या युरोपीय कारागिरांची नजर संगणकाला द्यावी, हा तिच्या कर्त्यांचा हेतू होता. दोन स्वरांमधील अंतर मोजपट्टीने सारखे ठेवले तरी त्यांच्या दांड्या वरखाली असतील तर ते डोळ्याला असमान दिसते, हे जाणून ती अंतर किंचित कमीजास्त करते.

महत्त्वाची गोष्ट अशी की, या रीतीत स्वर कोणता आणि तो दिसावा कसा, हे दोन प्रश्न वेगळे होतात. पहिल्याचे उत्तर फाइलीत एकदाच लिहिले जाते. दुसऱ्याचे उत्तर नियमांच्या रूपात देता येते. टिंब वर की खाली, हा वाद मग संगीताचा राहत नाही, छपाईच्या नियमाचा होतो, आणि नियम बदलून तीच बंदीश दोन्ही पद्धतींत छापणे निदान तत्त्वतः शक्य ठरते.

हे नियम लिहिण्यासाठी लिलिपाँडमध्ये स्कीम नावाची भाषा बसवलेली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी 1975 च्या सुमारास ती घडवली. तिचे व्याकरण थोडके असले तरी पहिल्या भेटीत बुजवणारे आहे : प्रत्येक क्रिया कंसात लिहायची आणि कंसात सर्वांत आधी क्रियेचे नाव घ्यायचे, म्हणजे ‘दोन अधिक तीन’ हे ‘अधिक, दोन, तीन’ अशा क्रमाने मांडायचे. फाइलीत हॅशचे चिन्ह आले की तेथून पुढचा भाग स्कीमचा, असा संकेत आहे. हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने या भाषेचा एक गुण फार मोलाचा आहे. ती अपूर्णांक दशांशात न मोडता जसाच्या तसा राखते; एक तृतीयांश हा तिच्या लेखी एक तृतीयांशच असतो. एका मात्रेत तीन, पाच किंवा सात स्वर बसवणाऱ्या, दोन मात्रांत तीन घेऊन आडलय साधणाऱ्या संगीताचा हिशेब तिच्यात शेवटच्या समेपर्यंत चोख राहतो. उतरलेला स्वरही ती उणे अर्धा अशा नेमक्या संख्येने ओळखते, त्यामुळे ‘उणे अर्धा दिसला की अक्षराखाली रेघ’ हा भातखंडे पद्धतीचा नियम सांगणे सरळ होते. अरबी संगीत आणि तुर्की मकाम यांच्यासाठी स्वरनावांच्या वेगळ्या याद्या या आज्ञावलीसोबत तयार मिळतात; देवनागरी स्वरलिपीसाठी तो पाया स्वतः घालावा लागतो.

पाया घालताना माणूस अडतो, आणि मदत मागण्याची वेळ येते. नवशिक्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते. लिलिपाँडमध्ये डच रूढीनुसार चढलेल्या एफ स्वराला ‘फिस’ म्हणतात. ओळीच्या आरंभी डी मेजर ही पट्टी जाहीर केली की एफ आपोआप चढेल, असे समजून तो नुसता एफ लिहितो, आणि छापून आलेल्या पानावर चढ रद्द करणारी भलतीच खूण दिसते. आज्ञावली चुकलेली नसते : फाइलीत प्रत्यक्ष वाजणाराच स्वर लिहायचा, पट्टी फक्त खुणा कोठे दाखवायच्या ते ठरवते. दुसरी तक्रार त्रुटींच्या लांबलचक यादीची असते, आणि तेथे पहिला संदेश वाचून, त्यात दिलेल्या ओळीवर आणि स्तंभावर जाऊन तेवढीच चूक सुधारणे हा मार्ग आहे, कारण एक कंस मिटवायचा राहिला तर पुढच्या साऱ्या तक्रारी त्या एकाच कंसाच्या असू शकतात.

एवढ्याने भागले नाही, तर जाणकाराला विचारावे लागते. येथे प्रश्नाची घडण निर्णायक ठरते. अख्खी बंदीश, अस्ताई-अंतरा आणि वर आठ ताना असलेली फाइल पाठवून ‘हे नीट होत नाही’ असे लिहिणाऱ्याला उत्तर मिळणे कठीण. आधी गीताचे शब्द काढावेत, मग अंतरा, मग ताना. दर वेळी फाइल पुन्हा चालवावी आणि चूक टिकून राहील अशी चारपाच ओळींची फाइल उरेपर्यंत हे करावे. पुष्कळदा या छाटणीतच चूक सापडते आणि पत्र लिहावेच लागत नाही. उरलेल्या फाइलीच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक असलाच पाहिजे. 2022 च्या अखेरीस आलेल्या 2.24 या आवृत्तीपासून आतल्या स्कीमचा अवतारही बदलला, त्यामुळे जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले चोख उत्तर नव्या आवृत्तीत निकामी ठरू शकते. फाइलीतील जुन्या आज्ञा नव्या रूपात आणणारे साधन आज्ञावलीसोबतच येते, पण हाताने लिहिलेले स्कीम त्याने दरवेळी सुधारते असे नाही.

हिंदुस्थानी संगीतवाल्यांची आणखी एक अडचण आहे. मदत करणारा जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये बसलेला असेल, तर त्याला मींड, खाली, आवर्तन हे शब्द ठाऊक असतीलच असे नाही. ‘भातखंडे लिपी कशी छापावी’ हा प्रश्न त्याच्यासाठी निरुत्तर करणारा आहे. ‘स्वर अर्ध्याने उतरलेला असेल तेव्हा त्याच्या छापील नावाखाली आडवी रेघ कशी काढावी’ या प्रश्नाला तो दहा ओळींचे स्कीम लिहून उत्तर देऊ शकतो. हवे तसे पान हाताने काढून त्याचे छायाचित्र सोबत जोडले, तर अर्धा पत्रव्यवहार वाचतो. मोठ्या मागणीचे असे लहान, परस्परांपासून सुटे तुकडे पाडणे हेच खरे कौशल्य आहे, आणि ते संगणकशास्त्राच्या पदवीधराइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, ख्याल टप्प्याटप्प्याने शिकवणाऱ्या गुरूला अवगत असते.

या आज्ञावलीची अधिकृत पुस्तिका अनेक युरोपीय भाषांत आणि जपानीत आहे, मराठीत नाही. पलुसकर आणि भातखंडे या दोघांच्याही लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत संपलेली आहे. म्हणून नाशिकच्या संगीत विद्यालयांतील शिक्षकांनी आणि तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एक त्रितालातील सरगमगीत निवडावे, त्याची फाइल करावी, ती दोन्ही पद्धतींत छापून पाहावी आणि जेथे अडेल तेथे चार ओळींचा नेमका प्रश्न विचारावा.