विसार आणि शब्द

मागणीप्रमाणें सुरी घडवून देणारा कारागीर आणि त्याचें गिऱ्हाईक यांचा संबंध दिलेल्या शब्दावर टिकतो. अमेरिकेंत १९५३-५४ च्या सुमारास बॉब लव्हलेस नांवाचा खलाशी न्यूयॉर्कच्या एका दुकानांत फ्लोरिडाच्या रँडाल यांची सुरी घेण्यास गेला. नऊ महिने थांबावें लागेल, असें त्यास स्पष्ट सांगण्यांत आलें. तेव्हां त्यानें मोटारीच्या स्प्रिंगेच्या पोलादांतून स्वतःच सुरी घडविली. पुढें तो नामांकित कारागीर झाला, आणि त्याच्याहि सुऱ्यांसाठीं लोक वर्षानुवर्षें थांबूं लागले. विलंब गिऱ्हाईक सोसतें; कारागिराचें मौन मात्र त्यास सोसवत नाहीं. पोलादाचें पाणी वस्तु हातीं येईपर्यंत पारखतां येत नाहीं. म्हणून आमच्या मतें विसार घेणाऱ्यानें मुदत खरी सांगावी व ती चुकल्यास आपण होऊन कळवावें. गिऱ्हाइकानेंहि ठरलेल्या कामांत रोज नवी दुरुस्ती सुचवूं नये.