हस्तिदंत विकावा की जाळावा?

३० एप्रिल २०१६ रोजी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात १०५ टन हस्तिदंताची जाहीर होळी करण्यात आली. केनियाचे तत्कालीन अध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी पहिला ढीग पेटवला. हस्तिदंत लाकडासारखा सहजासहजी पेट घेत नाही. त्यामुळे ढिगांमध्ये इंधन सोडावे लागले आणि हजारो हत्तींचे हे सुळे भस्मसात व्हायला कित्येक दिवस गेले. कोट्यवधी डॉलरचा माल एका गरीब देशाने आपल्या हातांनी जाळावा, याचे जगभर कौतुक झाले, तसा तो शुद्ध वेडेपणा असल्याचेही अनेकांनी म्हटले. हाच माल विकून आलेले पैसे हत्तींच्याच रक्षणासाठी का वापरू नयेत, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. आफ्रिकी हत्तींच्या भवितव्याविषयीचा सारा वाद गेली तीन दशके याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.

वास्तविक विक्रीचा प्रयोग यापूर्वी झालेला आहे आणि तोही एकदा नव्हे. संकटग्रस्त प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा 'सायटीस' हा करार १९७५ पासून अमलात आहे. आफ्रिकी हत्तीचा समावेश आधी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात होता. म्हणजे व्यापाराला मुभा होती, परंतु परवान्याची अट होती. १९८० च्या दशकात देशोदेशींना निर्यातीचा कोटा ठरवून देण्यात आला आणि जुने साठे नोंदवून घेऊन अधिकृत करण्यात आले. त्याचा परिणाम विलक्षण होता. बुरुंडी या चिमुकल्या देशात रानटी हत्ती जवळजवळ नव्हतेच, पण तेथील सुमारे ९० टन हस्तिदंत कायदेशीर ठरला. तो शेजारच्या देशांतून चोरट्या मार्गाने आला होता, हे उघड गुपित होते.

या काळात आफ्रिकेतील हत्तींची संख्या १९७९ मधील अंदाजे १३ लाखांवरून दहा वर्षांत सहा लाखांच्या आसपास आली. एकट्या केनियात १९७३ साली एक लाख ६७ हजार हत्ती होते. १९८९ मध्ये जेमतेम १६ हजार उरले. त्याच वर्षी केनियाने १२ टन हस्तिदंताची पहिली होळी केली आणि काही महिन्यांतच लोझान येथील परिषदेत आफ्रिकी हत्तीला पहिल्या परिशिष्टात टाकून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्यात आली. बाजार कोसळला, शिकार मंदावली आणि पूर्व आफ्रिकेतील कळप हळूहळू सावरू लागले.

दक्षिणेकडील देशांना मात्र ही बंदी अन्यायाची वाटली, आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. बोत्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे व दक्षिण आफ्रिका यांनी आपले हत्ती सांभाळले होते. तेथे संख्या वाढत होती. इतरांच्या गलथानपणाची शिक्षा आम्हाला का, हा त्यांचा सवाल होता. अखेर १९९७ मध्ये पहिल्या तीन देशांचे, व पुढे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे हत्ती पुन्हा दुसऱ्या परिशिष्टात आले. १९९९ मध्ये जपानला सुमारे ५० टन हस्तिदंत विकला गेला. २००८ मध्ये चारही देशांनी मिळून शंभर टनांहून अधिक माल लिलावात काढला. किलोला सरासरी दीडशे डॉलरच्या आसपास भाव मिळून दीड कोटी डॉलर जमले. सुमारे ६२ टन चीनने घेतला, उरलेला जपानने.

स्वस्त व कायदेशीर माल बाजारात आला की चोरट्या मालाची मागणी घटेल, हा या विक्रीमागचा हिशेब होता. घडले ते उलटेच. चीनमध्ये नवश्रीमंत वर्ग झपाट्याने वाढत होता. सरकारमान्य दुकानांत हस्तिदंताच्या मूर्ती दिसू लागल्या, तसा त्या खरेदीला लागलेला कलंक पुसला गेला. प्रत्येक वस्तूसोबत ओळखपत्र देण्याची पद्धत चीनने ठेवली होती खरी, पण वस्तू विकली की तेच कार्ड दुसऱ्या, चोरट्या वस्तूला जोडता येई. २०१४ च्या सुमारास कच्च्या हस्तिदंताचा चीनमधील घाऊक भाव किलोला २१०० डॉलरवर पोहोचला होता. चोरट्या शिकारीने २०११ मध्ये कळस गाठला. या सगळ्याचे खापर एकट्या विक्रीवर फोडता येईल का, यावर अर्थतज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. चीनमधील वाढती क्रयशक्ती आणि आफ्रिकेतील भ्रष्टाचार यांचाही त्यात मोठा वाटा होता. विक्रीने शिकार घटली, असे मात्र फारसे कोणी म्हणत नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडव्यापी हवाई गणनेत १८ देशांत साडेतीन लाखांहून थोडे अधिक, नेमके सांगायचे तर ३ लाख ५२ हजार सॅव्हाना हत्ती आढळले. २००७ ते २०१४ या सात वर्षांत त्यांची संख्या ३० टक्क्यांनी घसरली होती. टांझानियातील हत्ती पाच वर्षांत १ लाख ९ हजारांवरून ४३ हजारांवर आले होते. जप्त केलेल्या हस्तिदंताचे वय शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बनच्या साह्याने तपासले, तेव्हा जवळपास सगळा माल जप्तीपूर्वीच्या तीनेक वर्षांत मारलेल्या हत्तींचा निघाला. जुन्या गोदामांतून गळती होत नव्हती. रानात ताजी कत्तल चालू होती.

कायदेशीर माल हा चोरट्या मालाचा बुरखा कसा होतो, याचा धडा भारताने या सर्वांच्या आधी घेतला होता. मुंबई आणि आफ्रिकी हस्तिदंत यांचे नाते जुने. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या जकातीचा ठेका कच्छी भाटिया पेढीकडे असे आणि तेथून निघालेला माल मुंबई बंदरातून पुढे लंडनपर्यंत जाई. गुजरात-राजस्थानातील नववधूंचे चुडेही बव्हंशी आफ्रिकी हस्तिदंताचेच असत. भारत सरकारने १९८६ मध्ये देशी हस्तिदंताचा व्यापार बंद केला, परंतु आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताला मोकळीक ठेवली. कोरलेली मूर्ती समोर ठेवली तर ती पेरियारच्या हत्तीची की केनियाच्या, हे नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? आफ्रिकी मालाच्या नावाखाली देशी माल खपवण्याची सोयच झाली. म्हणून १९९१ मध्ये आयात मालाच्या व्यापारावरही बंदी आली आणि व्यापाऱ्यांनी दिलेले आव्हान फेटाळून सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती वैध ठरवली.

आपल्याकडील हत्तीविषयीच्या कल्पना आफ्रिकेला लावताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरांना, आणि तेही सर्वांना नाही. आफ्रिकेत मादीलाही सुळे असतात. त्यामुळे शिकाऱ्याच्या गोळीला कळपाची म्हातारी नायिका प्रथम बळी पडते. दुष्काळात पाणी कुठे मिळेल, हे तिलाच ठाऊक असते. बावीस महिन्यांचे गर्भारपण आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचे अंतर, यामुळे झीज लवकर भरून येत नाही. मोझांबिकच्या गोरोंगोसा उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवीत सैनिकांनी नव्वद टक्के हत्ती मारले. नंतर पाहिले तर सुळे नसलेल्या माद्यांचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांवरून निम्म्यावर गेले होते. या गुणामागील जनुक नर गर्भाला मारक ठरत असावा, असा निष्कर्ष २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. जीव वाचवणाऱ्या उपायाची ही किंमत म्हणावी लागेल. मध्य आफ्रिकेच्या घनदाट अरण्यांतील वनहत्तींची स्थिती तर याहून बिकट आहे. ही स्वतंत्र जात असल्याचे २०२१ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाने मान्य केले आणि ३१ वर्षांत ती ८६ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवून तिला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले.

चीनने २०१७ च्या अखेरीस आपली देशांतर्गत बाजारपेठ बंद केली. बंदीची घोषणा होताच, ती लागू होण्यापूर्वीच, भाव ७३० डॉलरपर्यंत उतरला होता. अमेरिका, ब्रिटन, हाँगकाँग यांनीही दारे लावली. जपानने अजून लावलेली नाहीत. तेथे हस्तिदंती नाममुद्रांचा बाजार चालूच आहे. शिकार एकंदरीत ओसरली आणि २०२१ च्या गणनेत केनियात ३६ हजारांवर हत्ती मोजले गेले.

तथापि बंदीने सुळ्यांचा प्रश्न सुटला तरी शेतकऱ्याचा सुटत नाही. बोत्स्वाना व शेजारच्या चार देशांच्या सीमाप्रदेशात २०२२ मध्ये २ लाख २७ हजार हत्ती आढळले. त्यांतील १ लाख ३१ हजार एकट्या बोत्स्वानात. दिवसाला दीडशे किलो चारा लागणारा प्राणी रात्री मक्याच्या शेतात शिरला, तर कुटुंबाचे वर्ष वाया जाते; प्रसंगी माणूसही दगावतो. दूरच्या शहरांत बसून हत्तींवर प्रेम करणाऱ्यांनी या नुकसानीची भरपाई क्वचितच दिली आहे. विक्रीची मागणी तग धरून आहे ती यामुळे. हस्तिदंत विकणे हे त्यावर चुकीचे औषध असेल, पण दुखणे खोटे नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत पुन्हा विक्रीचा प्रस्ताव आला आणि मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. व्यापारबंदीचा खंदा समर्थक असलेला भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. दोनच महिन्यांपूर्वी नामिबियाचे चित्ते कुनोत उतरले होते, त्यामुळे या तटस्थतेची बरीच चर्चा झाली. झिम्बाब्वेच्या गोदामांत त्या वर्षी, तेथील सरकारच्या सांगण्यानुसार, सुमारे १३० टन हस्तिदंत पहाऱ्यात पडून होता. वयोमानाने मेलेल्या हत्तींचे सुळेही त्याच गोदामांत जमा होत असल्याने विक्री असो वा नसो, साठ्यात भर पडतच राहते.