ऑनलाइन वर्गणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूरला लोकवर्गणी नवी नाही. इथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यासाठी काँग्रेसने देशभर निधी गोळा केला होता. आता पावतीपुस्तकाऐवजी मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा ऑनलाइन वर्गणीच्या साइटच्या लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, आणि त्यांच्यासोबत काही गैरसमजही.

गैरसमज: साइटवर आलेलं आवाहन तपासलेलंच असतं.
वस्तुस्थिती: कंपन्या कागदपत्रं मागतात, पण मजकुराच्या खरेपणाची हमी त्यांच्या नियम-अटींत सहसा नसते. रुग्णालयाच्या लेटरहेडवर खर्चाचं अंदाजपत्रक आहे का, तारीख कधीची, पैसे रुग्णालयाच्या खात्यात जाणार की व्यक्तीच्या, हे बघा. खात्री करायला रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधा, पोस्टमधला नको.

गैरसमज: हजार दिले की हजार पोचतात.
वस्तुस्थिती: पैसे भरण्याच्या यंत्रणेचं शुल्क आणि काही ठिकाणी कंपनीचंही शुल्क त्यातून वजा होतं. शिवाय ‘टिप’ असते. त्या रकान्यात १५ टक्के आधीच निवडलेले असतील, तर तुमच्या खात्यातून १,१५० रुपये जातात. वरचे दीडशे कंपनीचे, रुग्णाचे नव्हेत. बहुतेक ठिकाणी टिप शून्य करता येते.

गैरसमज: करसवलत मिळतेच.
वस्तुस्थिती: एखाद्या व्यक्तीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशांवर ८०जी सवलत नाही. ती पात्र नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

गैरसमज: फोटो जितका करुण, तितकं बरं.
वस्तुस्थिती: पैसे येतातही. पण अतिदक्षता विभागाबाहेर हवालदिल उभ्या आईची संमती मोकळ्या मनाची नसते. मूल बरं होऊन शाळेत जाऊ लागलं, तरी नळ्या लावलेला फोटो इंटरनेटवर राहतो. देणगीदाराला निदान आणि बिल कळलं की पुरे.

गैरसमज: आता वर्गणीशिवाय मार्गच नाही.
वस्तुस्थिती: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ माहिती देतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ती बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी काढतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. दाद न मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

म्हणून ओळखीतल्या कुणासाठी लिंक पुढे पाठवण्याआधी त्यांना विचारा, जनआरोग्य योजनेसाठी आणि धर्मादाय रुग्णालयातल्या खाटेसाठी अर्ज केलेत का? नसतील तर आधी ते भरायला मदत करा. उरलेल्या रकमेसाठी वर्गणी जरूर काढा, आणि जमाखर्च देणाऱ्यांपुढे मांडा.