पारदर्शक ताईत

2020 च्या टाळेबंदीआधी बहुतेक मराठी घरांची इपॉक्सीशी ओळख अराल्डाइटच्या दोन ट्यूबांपुरतीच होती. कपाचा तुटलेला कान किंवा चष्म्याची दांडी जोडायची असली, की दोन्ही ट्यूबांतला सारखा थेंब जुन्या पोस्टकार्डावर काढायचा, काडेपेटीच्या काडीने घोटायचा आणि रात्रभर कुणी हात लावायचा नाही. टाळेबंदीत त्याच कुळातलं इपॉक्सी रेझिन, जरा पातळ आणि काचेसारखं स्वच्छ होऊन, पाव-अर्ध्या किलोच्या बाटल्यांतून घरोघरी शिरलं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओतायचं, असा तो काळ होता. दुकानं उघडल्यावर पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर सिलिकॉनचे साचे रांगोळीच्या पुड्यांसारखे विकले जाऊ लागले.

पहिलं वर्षभर सगळ्यांनी फुलंच घातली. जिप्सीचे तुरे, फर्नची पाती आणि वर थोडा सोनेरी वर्ख. तीन घरी तीन मैत्रिणींनी केलेली कानातली एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसायची. मात्र फुलांनीच आम्हाला हे काम शिकवलं. वरून कोरडं वाटणारं फूल पाकळीच्या बुडाशी ओलं राहतं आणि रेझिनमध्ये महिन्याभरात तपकिरी पडतं, म्हणून ते सिलिका जेलमध्ये पुरून नीट वाळवावं लागतं. प्राजक्ताचं तर वेगळंच. वाळवलेल्या पांढऱ्या पाकळ्या रेझिन पिऊन जवळजवळ अदृश्य होतात आणि केशरी देठ तेवढा अधांतरी तरंगताना दिसतो. ज्यांना पांढरा प्राजक्त हवा असतो ते हिरमुसतात. मला विचाराल तर पेंडंटमध्ये तो नुसता देठच जास्त शोभतो.

मग वेगळ्या वस्तूंची टूम आली. जुन्या रेडिओच्या सर्किट बोर्डाचे तुकडे, पेन्सिलीची टरफलं, शिवणयंत्राची मोडकी सुई, खिडकीत मरून पडलेली मधमाशी. या सगळ्यांत मला मनापासून आवडलं ते घड्याळाचं पोट. एचएमटीचे घड्याळ-कारखाने बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 मध्ये घेतला, पण कपाटाच्या खणात वडिलांचं बंद पडलेलं ‘जनता’ अजून पुष्कळांकडे आहे. ते उघडलं की पितळी चक्रं, केसाएवढी स्प्रिंग आणि अक्ष टेकवायला बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे दिसतात, एकूण सतरा. मोहरीपेक्षा लहान आणि डाळिंबाच्या दाण्यासारखे लालबुंद. चक्रांवरचं जुनं तेल आधी पेट्रोलने धुऊन काढावं लागतं, नाहीतर रेझिन धातूला धरत नाही आणि प्रत्येक दात्याभोवती चंदेरी पोकळी दिसते. थर दोनदा ओतायचा. पहिला जेलीसारखा झाला की त्यावर चिमट्याने चक्रं मांडायची आणि मग दुसरा द्यायचा. एकदमच ओतलं तर जड वस्तू तळाला जातात, हलक्या वर येतात आणि मांडणीची वाट लागते.

2022 च्या सुमारास वाऱ्याने दिशा बदलली. लग्नातल्या वरमाला चौकटीत ओतून घेण्याची पद्धत रुळली आणि तिच्या मागोमाग दागिन्यांसाठी लोक अगदी खाजगी वस्तू घेऊन येऊ लागले. बाळाचं जावळ, पडलेला दुधाचा दात, सांभाळून ठेवलेली वाळकी नाळ, आईचं दूध, क्वचित कुणाच्या अस्थींची चिमूटभर राख. दूध तसंच ओतता येत नाही, त्याची कोरडी पूड करूनच मिसळावी लागते. राखेत हवा दडलेली असते, त्यामुळे बुडबुडे थांबता थांबत नाहीत. दात घेऊन आलेल्या एका आजींनी विचारलं, “अहो, पांढराच राहील ना हा?” दात राहील, भोवतालचं रेझिन राहणार नाही, असं सांगितल्यावर त्या जरा गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “असू दे, माझंही काय पांढरंशुभ्र राहिलंय!”

गंमत अशी की इपॉक्सीचा दाताशी जुनाच संबंध आहे. 1930 च्या दशकात पिएर कास्तान हा स्विस रसायनतज्ज्ञ कवळीसाठी साहित्य शोधत असताना इपॉक्सीपर्यंत पोहोचला. दंतवैद्यकात त्याचं फारसं जमलं नाही. बाझेलच्या सिबा कंपनीने हक्क घेतले आणि 1946 मध्ये चिकटवणारं म्हणून अराल्डाइट बाजारात आलं.

अंगाखांद्यावर असल्या वस्तू मिरवण्याची हौसही काही इन्स्टाग्रामने शोधलेली नाही. 1861 मध्ये पती अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने जन्मभर सुतक पाळलं आणि मृताचे केस काचेखाली बसवलेल्या दागिन्यांचं इंग्लंडमधलं प्रस्थ आणखी वाढलं. लेडी ग्रॅनव्हिलचा 1884-85 चा दागिन्यांचा संच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात हिऱ्यांच्या जागी सोन्यात जडवलेले 46 हिरवे चकाकते भुंगे आहेत. आपल्याकडे मुलांच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपायला हवं होतं, तरी 2023 मध्ये कन्नड ‘बिग बॉस’च्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखापायी वनखात्याने अटक केली. सराफाकडे आज मिळतं ते नख बहुतेक वेळा साच्यात ओतलेलंच असतं, आणि तेच बरं.

ताईत मात्र या सगळ्यांहून वेगळा. चांदीच्या नळीत नाळेचा तुकडा, मंत्राची चिठ्ठी किंवा अंगारा असायचा आणि तोंड लाखेने बंद. आत काय आहे ते घालणाऱ्यालाही दिसायचं नाही, आणि दिसू नये हाच हेतू. रेझिनने ती नळी काचेची करून टाकली. बाळाची नाळ आता लोकलमध्ये शेजारच्या बाईला दिसते आणि तिने विचारलं की सांगावंही लागतं. मला हे पूर्णपणे पटलेलं नाही, जरी माझी मिळकत बरीचशी त्यावरच आहे.

या वर्षांनी कामातला भाबडेपणाही घालवला. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतं. मोठ्या कपात एकदम कालवलं तर मिश्रण तापून धुरावतं. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने वर तेलकट पापुद्रा येतो. सुरुवातीला उघड्या हातांनी काम करणाऱ्या काही जणींना त्वचेची अशी ॲलर्जी झाली, की आता बाटली उघडली तरी खाज सुटते. त्यांनी काम सोडलं. नायट्राइलचे हातमोजे आणि घासताना मास्क व पाणी हे पहिल्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पिवळेपणा. उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळं पडतं. संरक्षक द्रव्य घातलेलं महाग रेझिन ते लांबवतं, टाळत नाही. 2020-21 मधली माझी बरीचशी पेंडंटं आता फिक्या चहाच्या रंगाची झाली आहेत. अजूनही जाहिरातींत ‘आयुष्यभर जपा’ असं लिहिलेलं वाचलं की मला संकोच वाटतो. मी पावतीवरच रंग बदलेल असं लिहून देते. त्याने दोन-चार गिऱ्हाइकं जातात.

गेल्या वर्षी एका नव्या आईने नाळेसाठी लॉकेट करायला सांगितलं, पण अट घातली की रेझिनमध्ये काळा रंग टाका, कुणाला काही दिसायला नको. तेव्हापासून अशी मागणी अधूनमधून येते. काळ्यात पिवळेपणा कळत नाही आणि बुडबुडे लपतात, त्यामुळे काम सोपं होतं. मजुरी मात्र मी तीच घेते, कारण वाळवायला लागणारा वेळ तेवढाच असतो.