पीडीएफ चढली, कॅसेट कपाटातच

गोंधळाच्या गाण्यांवरचा एक प्रबंध विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात सापडला. प्रकरणवार पीडीएफ, संदर्भसूची, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, सगळं होतं. परिशिष्टात एक ओळ होती : सोबत ध्वनिफीत जोडली आहे. ती मात्र कुठेच नव्हती. गाण्यांवर शेकडो पानं आणि ऐकायला गाणं एकही नाही, हे काही पटेना. म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयातच गेलो.

तिथे तळमजल्यावर एक करारावरचा तरुण कॅसेटी डिजिटल करतो. खोलीत बुरशीचा आणि स्पिरिटचा वास. ‘‘सर, ही त्या प्रबंधाची, नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. एका बाजूला 45 मिनिटं, म्हणजे आपलीही 45 मिनिटं,’’ तो म्हणाला. शेजारचा स्कॅनर पानांमागून पानं उरकत होता. आठवड्याच्या अहवालात दोन्ही कामांपुढे फक्त ‘किती झाल्या’ एवढंच विचारतात.

फीत आधी एकदा पुढे-मागे फिरवायची, डेकचं हेड पुसायचं. मग तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हेडच्या बाजूचा स्क्रू केसभर फिरवू लागला, कान हेडफोनमध्ये. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होता. आणखी केसभर, आणि तुणतुण्याची तार एकदम मोकळी झाली. त्याने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. अहवालात यासाठी रकाना नाही.

एकतिसाव्या मिनिटाला गाणं थांबलं. गोंधळी कुणाला तरी सांगत होते, ‘‘हे लिहू नका बरं, हे देवीपुढंच म्हणायचं असतंय.’’ तरुणाने वहीत वेळ टिपली. रेकॉर्डिंग चालूच ठेवलं, कारण मूळ फीत जशी आहे तशीच उतरवायची असते. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. ती एक बाजू पाऊण जीबीच्या आसपास भरली. लोकांसाठी त्याचीच हलकी एमपीथ्री करायची. पण ते एकतिसावं मिनिट लोकांसमोर ठेवायचं की नाही, हे कोण ठरवणार? ‘‘वरून विचारून घेतो,’’ तो म्हणाला. वर म्हणजे ग्रंथपालांना. गोंधळ्यांच्या घरी विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

नोंदीचा अर्ज भरताना तर कमालच झाली. संशोधकाचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, विभाग, वर्ष. गाणाऱ्याचं नाव कुठे? डीस्पेससारख्या डिजिटल भांडाराच्या प्रणालीत वापरली जाणारी डब्लिन कोअर ही नोंदीची पद्धत 15 मूळ घटकांची आहे आणि त्यात ‘योगदान देणारा’ हा घटक आहेच. अर्जात तो ठेवला नव्हता, इतकंच. हा तंत्राचा दोष नाही, बेफिकिरी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत, तिथे ओवीच्या ध्वनीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोटो दिसतो. म्हणजे करता येतं.

2009 च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि पीडीएफचा ओघ सुरू झाला. कॅसेटींच्या वाट्याला तसा नियम नाही, आणि त्या वाजवणारे डेक दुर्मीळ होत चाललेत. कॅसेटच्या एका बाजूला 45 मिनिटं लागतात, ती मोजून द्यावीच लागतील.

तुमच्या एम.ए., पीएच.डी.च्या क्षेत्रकामाच्या कॅसेटी माळ्यावर असतील, तर रद्दीत देऊ नका. गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख आठवते आहे तोवर कव्हरवर लिहा, आणि काय ऐकवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेही लिहा.