गांजा सुटतांना

भिवंडीच्या एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यांत नवा मनुष्य शिरला, तर प्रथम त्याला कांहींच ऐकूं येत नाहीं. शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी त्याचे ओठ हलतांना दिसतात, एवढेंच. पण त्याच जागेंत रोज बारा तास उभा राहणारा कामगार चार-सहा मागांवर एकाच वेळीं नजर ठेवतो, तुटलेला धागा जोडतो, आणि हातवाऱ्यांनीं शेजाऱ्याशीं घरसंसाराच्या गोष्टीहि करतो. त्याच्या कानांनीं त्या गोंगाटाशीं तडजोड केलेली असते. पाळी संपवून तो बाहेर रस्त्यावर येतो तेव्हां मात्र साधें बोलणें त्याला कांहीं वेळ नीट ऐकूं येत नाहीं. रोज गांजा ओढणाऱ्याच्या मेंदूंत जें घडतें तें पुष्कळसें याच प्रकारचें आहे, आणि गांजा सोडतांना जो त्रास होतो त्याचें मूळहि तेथेंच सांपडतें.

हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या समाजांत गांजाविषयीं दोन समजुती सारख्याच जोरानें चालत आल्या आहेत. एक अशी कीं, गांजेकस म्हणजे वाया गेलेला मनुष्य. त्याच्यावर शब्द खर्चणें व्यर्थ. दुसरी नेमकी उलट. ही तर महादेवाची बुटी. दारूसारखी ती अंगाला लागत नाहीं, मनांत आणलें कीं सुटते! या दोहोंत दुसरी अधिक घातक म्हटली पाहिजे. कारण तिच्यावर विश्वास ठेवून मनुष्य एके दिवशीं चिलीम खालीं ठेवतो, तिसऱ्या रात्रीं तळमळून पुन्हां उचलतो, आणि 'जी गोष्ट सहज सुटते तीहि मला सुटत नाहीं' असा स्वतःविषयींचा निकाल देऊन मोकळा होतो. मग तो वर्षानुवर्षे दुसरा प्रयत्न करीत नाहीं.

या समजुतीला एक जुना कागदोपत्रीं आधारहि दाखविला जातो. १८९३ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमला. त्यानें देशभरांतून अकराशेंहून अधिक साक्षी नोंदल्या आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल दिला. त्या काळीं मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यत्वें अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत होत असे, आणि माल परवानेदार दुकानांतून उघड विकला जाई. बेताच्या सेवनानें सामान्यतः अपाय दिसत नाहीं, अतिसेवनानें मात्र होतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दाखला देणारे यांतला पहिला अर्धा भाग तोंडपाठ म्हणतात. दुसरा अर्धा चिलमीच्या धुरांत दिसेनासा होतो. शिवाय, वीस वर्षे रोज ओढणारा मनुष्य एकाएकीं थांबला तर त्याच्या मेंदूंत काय होतें, या प्रश्नाचें उत्तर देण्यास लागणारें शास्त्रच त्या वेळीं जन्मलें नव्हतें.

तें पुढें सत्तर वर्षांनीं आलें. १९६४ सालीं इस्रायलमधील राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनीं गांजांतील अंमल आणणारें मुख्य द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें करून त्याची रचना निश्चित केली. त्याचें नांव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असें लांबलचक आहे. येथें त्याला गांजाचें सत्त्व म्हटलें तरी काम भागेल. नंतर असें आढळलें कीं, मेंदूंतील पेशींवर या सत्त्वाची हांक ऐकणारे जणूं कानच आहेत. शास्त्राच्या परिभाषेंत त्यांना ग्राहक म्हणतात. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला कीं, निसर्गानें मनुष्याच्या मेंदूंत गांजासाठीं कान कशाला ठेवले? १९९२ सालीं मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेंत त्याचा उलगडा झाला. शरीर स्वतःच एक द्रव्य तयार करतें. हे कान मुळांत त्याच्यासाठीं आहेत, आणि भूक, झोप, भीति, स्मृति व वेदना यांचा तोल राखण्यांत त्याचा हात असतो. शोधकांनीं त्याला 'आनंदामाइड' असें नांव दिलें. त्यांतला 'आनंद' हा आपलाच संस्कृत शब्द आहे.

शरीराचें हें द्रव्य गरजेपुरतें, क्षणभर आणि हलक्या आवाजांत बोलतें. गांजाचें सत्त्व मात्र मागाप्रमाणें तासन् तास खडखडत राहतें. हा गोंगाट रोजचा झाला म्हणजे मेंदू आपले कान मिटूं लागतो. त्यांची संख्याहि घटते आणि तीक्ष्णताहि. पूर्वी दोन झुरक्यांत येणारा कैफ आतां अख्ख्या चिलमीनेंहि येत नाहीं, अशी जी जुन्या गांजेकसांची तक्रार असते तिचें कारण हेंच. मग एके दिवशीं गोंगाट बंद होतो. शरीराचें स्वतःचें द्रव्य पूर्वीच्याच हलक्या आवाजांत बोलूं पाहतें, पण ऐकणारे कान अद्याप मिटलेले असतात. भुकेची हांक ऐकूं येत नाहीं, झोपेची येत नाहीं, 'आतां शांत हो' ही सूचनाहि पोहोंचत नाहीं. सुदैवानें हे कान कायमचे बधिर होत नाहींत. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या परीक्षांत असें दिसलें आहे कीं, गांजा थांबल्यावर दोन दिवसांतच ते उघडूं लागतात आणि सुमारें चार आठवड्यांत बहुतेक पूर्ववत् होतात.

हा चार आठवड्यांचा काळ कसा जातो, तें ज्याला सोडावयाचें आहे त्याला आणि त्याच्या घराला आधीं ठाऊक असलें पाहिजे. पहिला दिवस फसवा असतो. सत्त्व चरबींत मुरून राहिलेलें असतें व सावकाश बाहेर पडतें. त्यामुळें पहिल्या दिवशीं विशेष कांहीं होत नाहीं आणि मनुष्याला वाटतें, जिंकली! दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चिडचिड सुरू होते. घांस घशाखालीं उतरत नाहीं. रात्रीं घामानें अंथरूण ओलें होतें, हात किंचित् कांपतात, पोटांत कालवतें, आणि ज्या गोष्टीवर एरवीं कोणी दुसऱ्यांदां बोलणार नाहीं तिच्यावरून भांडण पेटतें. पहिला आठवडा हा सर्वांत कठीण. त्यानंतर ओहोटी लागते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक लक्षणें मावळतात. झोप मात्र सर्वांत उशिरां वळणावर येते.

झोपेबरोबर स्वप्नें येतात, आणि त्यांचें अनेकांना भय वाटतें. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो. कित्येक वर्षें ज्याला स्वप्न म्हणून आठवत नाहीं, त्याला गांजा सुटतांच रात्रीमागून रात्र ठसठशीत, घाबरविणारीं स्वप्नें पडूं लागतात. आपण पुन्हां चिलीम ओढली, हें तर ठरलेलें स्वप्न. मनुष्य अपराध्यासारखा दचकून उठतो. डोक्यांत कांहीं बिघडलें असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः दाबलेली झोप आपली थकबाकी वसूल करीत असते.

आतां हींच लक्षणें भिवंडीच्या कामगाराच्या दिनक्रमांत ठेवून पाहावीं. त्याचें वेतन कापडाच्या मापावर. दोन रात्री झोप नाहीं, तिसऱ्या दिवशीं बारा तास मागापुढें उभें राहावयाचें. डोळा लागला, तुटलेला ताणा वेळीं दिसला नाहीं, तर कापडांत खोट येते आणि मजुरी कापली जाते. हात चुकला तर त्याहून वाईट. घर दूर उत्तर प्रदेशांत, बिहारांत नाहीं तर तेलंगणांत. जेवण भिशी नांवाच्या खाणावळींत. निजणें एका खोलींत पाळीपाळीनें. त्याचा संताप ओळखून 'हे चार दिवस आहेत, जातील' असें म्हणणारें कोणी नसतें. उलट, 'एक दम मार आणि नीज' हा सल्ला मात्र हाताशीं असतो, आणि तो सल्ला त्या रात्रीपुरता खराहि ठरतो. तिसऱ्या रात्रींचा पराभव अशा रीतीनें होतो. त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणाऱ्यानें एकदां तीन रात्री जागून माग चालवून पाहावा.

परंतु ही गोष्ट केवळ कारखान्याची आहे असें समजून सुशिक्षित घरांनीं निश्चिंत राहूं नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांत गांजा किंवा चरस ओढणारे सुमारें १ कोटी ३० लक्ष होते, आणि भांगेसह या वनस्पतीच्या सेवनामुळें मदतीची गरज पडलेले सुमारें ७२ लक्ष. एवढे लोक एका थराचे असूं शकत नाहींत. सुशिक्षित घरांत पराभव निराळ्या मार्गानें येतो. मुलगा किंवा पति आठवडाभर सर्वांवर खेंकसतो. आई अथवा पत्नी कंटाळून म्हणते, 'ओढत होता तेव्हां तरी बरा होता.' हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जातें तेथें दुसऱ्या दिवशीं पुडी परत येते. दुसरी चूक मूत्रपरीक्षेची. रोज ओढणाऱ्याच्या मूत्रांत सत्त्वाचे अवशेष थांबल्यानंतरहि कित्येक आठवडे सांपडूं शकतात. तिसऱ्या आठवड्यांत परीक्षेचा कागद 'आहे' असें म्हणाला म्हणून खरें बोलणाऱ्या मुलाला खोटारडा ठरविलें, तर त्याला पुढें खरें बोलण्याचें कारण उरत नाहीं.

आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूंत मिसळून ओढतात. हीहि गोष्ट विसरली जाते. त्यामुळें चिलीम सुटते तेव्हां दोन तलफा एकदम उठतात आणि कोणती कोणाची हें त्या बिचाऱ्याला कळत नाहीं. गांजा सोडून विडी वाढविणारे पुष्कळ असतात. ती विडीच त्यांना कोपऱ्यावरच्या जुन्या मंडळींत परत नेते. दोन्हींचा विचार एकत्र केलेला बरा, आणि तंबाखूसाठीं डॉक्टरांकडे उपायहि आहेत. गांजाच्या तलफेवर मात्र अद्याप खात्रीचें असें औषध निघालेलें नाहीं. डॉक्टर झोप व अस्वस्थता यांपुरतें साहाय्य करतात. बाकीचें काम बोलण्याचें, सवयी तपासण्याचें व पाठपुराव्याचें आहे.

हळूहळू कमी करावें कीं एकदम सोडावें, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. एकटा ओढणारा प्रमाण मोजून उतरवूं शकतो. पण चिलीम ही जात्याच सामायिक वस्तु. ओली छापी गुंडाळलेली ती हातोहात फिरूं लागली म्हणजे झुरके कोण मोजणार? मंडळींत ओढणाऱ्यानें दिवस ठरवून थांबणेंच व्यवहार्य, आणि तो दिवस शक्य तर सुट्टीला जोडून, रात्रपाळी नसतांना धरावा.

येथें जागेचा प्रभाव ध्यानांत घेण्यासारखा आहे. अमेरिकन संशोधिका ली रॉबिन्स यांनीं व्हिएतनामच्या युद्धांतून १९७१ सालीं परतलेल्या सैनिकांची पाहणी केली. तेथें हेरॉइनच्या पूर्ण आहारीं गेलेल्यांपैकीं फार थोडे मायदेशीं पुन्हां त्या व्यसनांत सांपडले. ती जागा, ते सोबती, ती धास्ती मागें राहिली होती. भिवंडींत हीच कथा उलट्या दिशेनें घडते. कामगार गांवीं जातो, महिनाभर पिकापाण्यांत रमतो, चिलमीची आठवणहि होत नाहीं. सुटली म्हणून आनंदानें परततो. कारखान्यामागची तीच भिंत, पाळी सुटल्याची तीच वेळ, आणि तलफ जणूं त्याची वाटच पाहत बसलेली! त्यानें परततांना राहण्याची खोली आणि पाळी बदलून घेतली, तर गांवचा महिना फुकट जात नाहीं.

उपचाराची सोय महाराष्ट्रांत नवी नाहीं. पुण्याचें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं सुरू केलें, तें मुख्यतः गर्दच्या साथीमुळें. पण तेथील पसतीस दिवसांचा निवासी क्रम पुढें इतर व्यसनांनाहि लागू पडला. भिवंडीकराला जवळ म्हणजे ठाण्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४४६ या शासकीय क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळतो. पण दवाखान्याच्या पायरीवर पाऊल अडतें तें बहुधा पोलिसांच्या भीतीनें. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गांजाचें सेवन हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात, हें खरें. मात्र त्याच कायद्याच्या ६४-अ कलमान्वयें, जो व्यसनी आपण होऊन शासकीय वा शासनमान्य संस्थेंत उपचार घेतो व ते पुरे करतो, त्याला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून संरक्षण आहे. हें कलम भिशीच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचें आहे.

घरच्या घरीं न सोडण्याचेहि कांहीं प्रसंग असतात. केवळ गांजा थांबल्यानें सहसा जीवावर बेतत नाहीं; परंतु रोज दारूहि पिणाऱ्यानें ती एकाएकीं बंद केली तर झटके व भ्रम होऊन प्राणांवर बेतूं शकतें, म्हणून त्यानें आधीं डॉक्टरांना भेटलेंच पाहिजे. कोणी नसतांना आवाज ऐकूं येणें, घरचे लोक आपल्यावर टपले आहेत असा संशय, किंवा जीव नकोसा होणें, अशांपैकीं कांहीं दिसलें तर त्याच दिवशीं गांठावें. आणि झोपेसाठीं दुसऱ्याच्या गोळ्या अथवा खोकल्याच्या औषधाची बाटली जवळ करणें म्हणजे एक भाडेकरू काढून दुसरा बसविणें होय.

चार आठवडे गेले, भूक आली, झोप आली, मागावरचा हात पूर्वीपेक्षां चपळ झाला. मग तिसऱ्या महिन्यांत कोणा मित्राच्या लग्नांत चिलीम फिरते आणि दोन झुरके जातात. 'गेलें सारें,' म्हणून दुसऱ्या दिवशीं जो पूर्ववत् ओढूं लागतो, त्याचें खरोखर जातें. पण दोन झुरक्यांनीं उघडलेले सारे कान एका रात्रींत मिटत नाहींत. समजदार डॉक्टर अशा वेळीं फार बोलत नाहीं. लग्नाला कोण कोण होतें, चिलीम पुढें आली तेव्हां किती वाजले होते, एवढें विचारून घेतो, आणि कागदावर पुढच्या भेटीची तारीख लिहितो.